पाच मिलिमीटरची वाटी

मी मराठीची. एम. ए. मराठी, सेट मराठी, आणि भांडायची वेळ आली तर तेही मराठीतच. तरीही दोन वर्षांपासून मी नांदेडच्या विद्यापीठात हवामानाच्या प्रकल्पावर पीएचडीचं संशोधन करते, हे सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग आभाळाकडे. भोकरला आमचे वडील पाहुण्यांना सरळ सांगतात, "पोरगी हवामान खात्यात हाय." मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

प्रकल्पाची कल्पना झकास होती. मराठवाड्याचा पाऊस एकट्यादुकट्या विषयाला आवरत नाही, म्हणून भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र, शेती, भूगोल अशी सगळी माणसं एका टेबलाभोवती बसवायची आणि त्यात एक खुर्ची भाषेची ठेवायची. ती खुर्ची माझी. प्रमुख होते भौतिकशास्त्राचे सर. सडसडीत अंगाचे, खिशाला दोन पेनं, आणि बोलणंही मोजून मापून. पहिल्याच बैठकीत त्यांनी मला विचारलं, "इथं प्रत्येक जण काहीतरी मोजतो. तुम्ही काय मोजणार?"

"शब्द," मी म्हटलं.

कोणीतरी हसलं. कँटीनमध्ये तर आठवडाभर माझ्याकडे पावसाच्या कवितांची मागणी होत होती. पण माझा प्रश्न मला पक्का माहीत होता. आपली माणसं 'भुरभुर' म्हणतात तेव्हा नक्की किती मिलिमीटर पडलेला असतो? 'झड' म्हणजे किती? शब्दाला माप आहे की नुसतीच सवय आहे? याचं उत्तर शोधायला असा माणूस हवा होता, की ज्यानं रोजचा पाऊस मापलाय आणि त्याच दिवशी त्याच पावसाला शब्दही दिलाय. असा माणूस कुठं मिळणार? गावोगाव शब्दांचे ढीग होते, पण माप नव्हतं. कचेऱ्यांत मापं होती, पण शब्द नव्हता. चाकूरला एका तलाठ्यानं मला चहा पाजला आणि प्रेमानं सांगितलं, "ताई, पाऊस पडला तर पडला म्हणतो, न्हाई पडला तर न्हाई. तिसरं काय म्हणणार?"

आणि मग मला रेणापूरचे आप्पा सापडले.

आप्पा ऐंशीच्या घरातले. बाजारपेठेत भांड्यांचं दुकान, दुकानामागं घर, घरामागं मोकळं अंगण आणि गावाबाहेर थोडं रान. कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. चौदा वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेत एक साहेब येऊन त्यांच्या अंगणात पर्जन्यमापक बसवून गेले. योजना दोन वर्षांत गुंडाळली गेली. आकडे न्यायला कोणी येईना. आप्पा मात्र रोज सकाळी साडेआठला मापत राहिले आणि रजिस्टरात लिहीत राहिले. मी विचारलं, "कोणी मागत नव्हतं तरी?"

"बंद करा म्हणून बी कुणी सांगितलं न्हाई की माय," ते म्हणाले.

रजिस्टराला तीन रकाने होते. तारीख, मिलिमीटर आणि शेरा. त्या शेऱ्याच्या रकान्यात रोजच्या पावसाला एकेक शब्द. 'शिंतोडा.' 'भुरभुर.' 'पागोळ्या लागल्या.' 'पत्रा वाजला.' 'नाली भरून.' चौदा वर्षं! मी त्या भांड्यांच्या दुकानात अशी ओरडले की एक गिऱ्हाईक हातातली परात टेकवून माझ्याकडे बघत उभं राहिलं. तिथून मी सरांना फोन केला आणि धड वाक्यही बोलू शकले नाही.

सरही खूष झाले, पण त्यांची खुषी तपासूनच येते. त्यांनी आप्पांच्या अंगणात, जुन्या मापकाच्या शेजारीच, एक स्वयंचलित यंत्र बसवलं. पाऊस पडला की त्याचा आकडा मोबाइलवरून थेट नांदेडला. एक पावसाळा दोन्ही सोबत चालवायची, आकडे जुळले की आप्पांच्या सगळ्या चौदा वर्षांवर विश्वास ठेवायचा. साधं गणित.

गणित जुळलं नाही. सरांनी कागदावर ठिपके मांडले. आडवा आकडा यंत्राचा, उभा आप्पांचा. सगळे ठिपके एका तिरक्या रेषेवर यायला पाहिजेत. हलक्या पावसाचे आले. मोठ्या पावसाचे मात्र सगळेच्या सगळे त्या रेषेच्या खाली, तिला समांतर, दुसऱ्याच रेषेवर. दहा पडला तर आप्पांचे पाच. तीस पडला तर पंचवीस. दर वेळी पाच मिलिमीटर गायब.

सरांची झोप उडाली. मापकाच्या आतली बाटली गळत असेल म्हणून त्यांनी ती बदलली. वरचं नरसाळं कलतं आहे का म्हणून पाणसळ लावून पाहिली. काही फरक नाही. "गळती असती तर मोठ्या पावसात जास्त गळलं असतं," ते म्हणत. "हे पाचच कसं? आणि लहान पावसात का नाही?" शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बहुतेक आप्पा अंदाजे लिहीत असावेत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "अंदाजे लिहिणारा माणूस दर वेळी बरोबर पाच कमी लिहील का, सर?"

"मग कारण सांगा," सर म्हणाले. "कारण कळत नाही तोवर मला हे आकडे वापरता येणार नाहीत. सोमवारी समितीपुढं मी तसंच सांगणार."

सोमवारची समिती म्हणजे माझ्या विषयाचा निकाल. अध्यक्ष होत्या लातूरकडच्या कृषिशास्त्राच्या मॅडम. मातीतली ओल मोजण्यात हयात गेलेली बाई, आणि भाषेच्या खुर्चीला त्यांचा पहिल्या दिवसापासून विरोध. आप्पांचं रजिस्टर बाद झालं तर माझ्या हातात उरणार काय? विषय रद्द, दोन वर्षं पाण्यात, आणि पुन्हा पहिल्या पायरीवर. मी गुरुवारी सकाळी बस पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर, आणि तिथून रेणापूर. वाटभर मी मनातल्या मनात सरांशी भांडत होते आणि जिंकत होते.

आप्पांपुढं मात्र ती हुशारी चालेना. मी चाचरत म्हटलं, "आप्पा, मापताना कधी गडबड... म्हणजे घाईत कधी अंदाजे..."

त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "झूट लिहीन का माय मी? एवढ्या वयात?"

मी विषय तिथंच सोडला. संध्याकाळी पावसानं जोर धरला, पुलावरून पाणी गेलं, लातूरची गाडी बंद झाली. आप्पांच्या सूनबाईंनी मला जबरदस्तीनं ठेवून घेतलं. भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊन मी गुमान झोपले.

सकाळी सहाच्या सुमाराला मी अंगणात दात घासत उभी होते. पाऊस थांबला होता. आप्पा आंघोळ करून ओलेत्यानं बाहेर आले. मापकाजवळ गेले, नरसाळं उचललं, आतली बाटली काढली आणि हातातल्या पितळी वाटीत काठोकाठ पाणी ओतून घेतलं. बाटली परत आत, नरसाळं परत वर. वाटी सांभाळत ते घरात गेले. मी हे सगळं पाहिलं. तोंडात ब्रश आणि डोक्यात झोप होती, त्यामुळं पाहिलं एवढंच.

आत आप्पा पूजेला बसले. डबीतलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं, त्यावर त्या वाटीतलं पाणी घातलं, भस्म लावलं, बेलाचं पान वाहिलं. पूजा झाल्यावर सगळ्यांच्या हातावर तीर्थ. माझ्याही. मी भक्तिभावानं प्यायले, उरलेला ओला हात डोक्यावरून फिरवला, आणि तिथंच माझा हात थांबला. माझ्या पीएचडीचा डेटा मी आत्ता प्यायले होते.

"आप्पा!" मी इतक्या जोरात ओरडले की सूनबाईंच्या हातातली पळी पडली. "हे पाणी मापकातलं?"

"हाव. आभाळातलं पाणी. कुणाचा हात न लागलेलं." त्यांना माझ्या ओरडण्याचं कारणच कळेना. "बोअरचं खारं, नळाला दवा टाकतात. लिंगाला चांगलं पाणी नको का?"

"रोज घेता?"

"पाऊस झाला की हमेशा. पण वाटी भरत असंल तरच. अर्ध्या वाटीनं पूजा करत न्हाई मी. तवा बोअरचं घेतो."

"आणि मापायच्या आधी घेता?"

"मापणं साडेआठला असतंय की! त्या साहेबानं मला बजावून सांगितलं, साडेआठच्या आत मापायचं न्हाई. आन साडेआठला बाटलीत जितकं असंल तितकंच लिहायचं, पदरचा एक थेंब घालायचा न्हाई." आप्पा ताठ बसले. "चौदा साल झाले. एक थेंब पदरचा घातला न्हाई."

घालायचं नाही, हे साहेबांनी बजावलं होतं. काढायचंही नाही, हे सांगायचं त्यांना सुचलं नव्हतं. सुचणार तरी कसं? आणि आम्ही दर खेपेला साडेआठचं माप बघायला साडेआठलाच जात होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सरांनी बाटली बदलली, पाणसळ लावली, आणि पाणी देवाला चाललं होतं.

मी सरांना फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. पलीकडं पेन उघडल्याचा आवाज आला. मग सर म्हणाले, "त्या मापकाचं तोंड दोनशे चौरस सेंटिमीटर. म्हणजे वीस मिलिलिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. वाटीत किती मावतं?"

"माहीत नाही, सर."

"शंभर मावलं पाहिजे. शंभर मावलं तर..." आणि त्यांनी वाक्य अर्धवट सोडून फोन ठेवला. दोन वर्षांत सरांनी अर्धवट वाक्य सोडलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

दुपारी ते स्वतः जीप घेऊन रेणापुरात हजर. सोबत काचेचं मोजपात्र. वाटी पूजेची, तिला बाहेरचा हात चालत नव्हता. म्हणून सर बूट काढून, हातपाय धुऊन जमिनीवर मांडी घालून बसले, आणि आप्पांनी स्वतःच्या हातानं, रोजच्या सवयीनं, वाटी भरून मोजपात्रात ओतली. एकदा, दोनदा, दहादा. दर वेळी शंभराच्या रेघेला टेकलंच पाणी. एखादा चमचा इकडे की तिकडे, बस्स. सरांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा बक्षीस मिळालेल्या शाळकरी पोरासारखा दिसत होता.

"आप्पा, ही पूजा कधी चुकली?"

"लिंगपूजा चुकून कसं चालंल?" आप्पांना प्रश्नच आवडला नाही. "तापात बी केली. पोरीच्या लग्नाच्या दिवशी बी केली. बाहेरगावी गेलो तर सूनबाई मापते, ती वाटी घेत न्हाई. तसं लिवलेलं असतंय बघा, 'बाहेरगावी'."

सर माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "यंत्र बंद पडतं, बॅटरी जाते. हा माणूस चौदा वर्षांत बंद पडलेला नाही." खरोखरच, त्या सगळ्या रजिस्टरातली सगळ्यात भरवशाची गोष्ट म्हणजे त्यातली चूक होती.

आप्पांना मात्र आता कुठं उलगडत होतं. "म्हंजे मी चौदा साल खोटं लिवलं?" त्यांनी विचारलं. "लाल पेनानं सगळीकडं पाच-पाच मिळवून टाकू का?"

"नको!" आम्ही दोघंही एकदम ओरडलो. सरांनी त्यांना समजावलं की खोटं काही नाही, एक गोष्ट सांगायची राहून गेली इतकंच. आप्पांनी मान हलवली, पण नंतर ते फार बोलले नाहीत. आम्ही आमच्या आनंदात इतके बुडालो होतो की त्यांच्याकडं नीट बघितलंच नाही. याची मला आजही लाज वाटते.

परतीच्या वाटेवर अहमदपूरच्या पुढं सरांनी अचानक जीप बाजूला घेतली. "घोडं इथंच पेंड खाणार आहे," ते म्हणाले. "रजिस्टरात वीस लिहिलं असेल तर पाच मिळवून पंचवीस. ठीक. पण तीन लिहिलं असेल तर? तीनच पडला आणि वाटी भरली नाही, म्हणून तीन? की आठ पडला, वाटी काढली, म्हणून तीन?"

माझा चेहरा उतरला. आमच्याकडच्या पावसात पाचाच्या आतले दिवसच जास्त. ते सगळे संशयात गेले तर रजिस्टरात उरणार काय? आम्ही दोघं रस्त्याकडेच्या सोयाबीनकडं बघत बसलो. आणि बसल्या बसल्या मला तिसरा रकाना दिसला. म्हणजे जीपमध्ये रजिस्टर नव्हतं, पण तो रकाना मला तोंडपाठ होता.

"सर, शेरा!" मी जवळजवळ त्यांचा दंडच धरला. "मोठ्या पावसाला आप्पा 'पागोळ्या' लिहितात, 'पत्रा वाजला' लिहितात. 'शिंतोडा' त्यांनी मोठ्या पावसाला एकदाही लिहिलेलं नाही. मग तीनच्या पुढं 'शिंतोडा' असेल तर तीन, आणि तीनच्या पुढं 'पागोळ्या' असेल तर आठ!"

सर स्टिअरिंग सोडून माझ्याकडं वळले. "शब्दावरून आकडा ठरवायचा?"

"तुम्हीच विचारलं होतं ना, मी काय मोजणार म्हणून?"

ते हसले. मग लगेच सावध झाले. "तपासून बघू. गेल्या पावसाळ्याचे यंत्राचे आकडे माझ्याकडं आहेत, तुम्ही ते पाहिलेले नाहीत. पाहूही नका. संशयातल्या प्रत्येक दिवसापुढं शब्द वाचून 'वाटी घेतली' किंवा 'वाटी घेतली नाही' एवढं लिहा. पाकीट बंद करा. सोमवारी समितीसमोर उघडू."

"आधी घरी उघडून बघू या का?" मी विचारलं.

"मग ती परीक्षा कसली?" सर म्हणाले.

शनिवार-रविवार मी वसतिगृहाच्या खोलीत रजिस्टराचे फोटो पसरून बसले. संशयातले दिवस बावीस निघाले. मेसचं जेवण दोनदा चुकलं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की आपण शिकलेल्या मराठीचं वजन करायला कोणीतरी तराजू आणलाय.

सोमवारी समिती बसली. अध्यक्ष मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. सरांनी वाटीची गोष्ट सांगितली तेव्हा सगळे हसले, मॅडमही थोड्या हसल्या. पण पाकिटाचं ऐकल्यावर त्या सरळ बसल्या. "उघडा," म्हणाल्या.

सर एकेक दिवस वाचू लागले. आप्पांचा आकडा, आप्पांचा शब्द, माझा निर्णय, आणि मग यंत्राचा आकडा. पहिला बरोबर. दुसरा बरोबर. 'भुरभुर', दोन, वाटी घेतली नाही, यंत्रात दोन. 'पत्रा वाजला', चार, वाटी घेतली, यंत्रात नऊ! दहाव्या दिवसानंतर समितीतल्या संख्याशास्त्राच्या मॅडमनी बोटं मोजायला सुरुवात केली. पंधराव्यानंतर दाराशी शिपाईमामाही येऊन उभे राहिले. सोळा दिवस, सोळाही बरोबर. मला खुर्चीत बसवेना.

सतरावा दिवस. "आप्पांचा आकडा तीन. शब्द 'शिंतोडा'. निर्णय, वाटी घेतली नाही," सर म्हणाले, आणि थांबले. "यंत्रात आठ."

उरलेले पाच बरोबर आले, पण अध्यक्ष मॅडमचं पेन सतराव्यावरच टेकलेलं होतं. "एका हंगामात एक चूक," त्या शांतपणे म्हणाल्या. "तीही अशी की आठ मिलिमीटरच्या पावसाला 'शिंतोडा'. मग शब्द नेमका आहे असं कसं म्हणणार? चौदा वर्षांत अशा किती निघतील? मी यावर सही कशी करू?"

त्यांचं चूक नव्हतं, हेच वाईट होतं. मग माझ्या स्वभावानं उचल खाल्ली. "मॅडम, ज्यांनी लिहिलंय त्यांनाच विचारते," म्हणून मी तिथंच आप्पांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून टेबलाच्या मधोमध ठेवला.

मी तारीख सांगितली. आप्पांना चष्मा शोधायला, रजिस्टर काढायला वेळ लागला. सगळे त्या फोनकडं बघत होते. मग आवाज आला.

"हाव. शिंतोडा लिवलाय."

"आप्पा, त्या दिवशी आठ पडला होता. एवढ्या पावसाला तुम्ही पागोळ्या लिहिता. त्या दिवशी शिंतोडा का लिहिलं?"

"पागोळ्या लागल्या होत्या की," आप्पा म्हणाले. "पण त्याच्या अगोदर बघ माय, अठरा दिवस काही हाय का लिवलेलं? कोरं हाय. रान भेगाळून राहिलं होतं, सोयाबीननं माना टाकल्या होत्या. आमी सगळे आभाळाकडं तोंड करून बसलो होतो. त्यात तेवढंसं पडून गेलं. पत्र्याला तो पाऊस असंल. रानाला शिंतोडाच की. ढेकूळ बी भिजलं न्हाई आतून."

अध्यक्ष मॅडमनी सरांपुढचा कागद स्वतःकडं ओढला. "ह्या बाकीच्या दिवसांच्या आधी कोरडे दिवस किती होते? वाचा," त्या म्हणाल्या. सर वाचू लागले. कुठं एक, कुठं दोन, कुठं आदल्याच दिवशी पाऊस. अठरा कुठंच नव्हते. मॅडम भराभर लिहीत होत्या. त्यांच्या आवाजात आता वेगळीच धार आली होती. "म्हणजे हा शब्द नुसता पाऊस मोजत नाही. तहान वजा करून मोजतो! अहो, ह्याच्यासाठी आम्ही जागोजाग माती खणून ओल काढतो. ह्या माणसानं चौदा वर्षं रोज लिहून ठेवलीय!"

"मग शब्दासोबत आधीचे कोरडे दिवसही धरायचे," सर उभे राहत म्हणाले. "सतरावाही सुटतो!" संख्याशास्त्राच्या मॅडम फळ्याकडं धावल्याच. तिघंही एकदम बोलू लागले, आणि त्या गलक्यात प्रत्येक जण आप्पांच्या शब्दांविषयीच बोलत होता. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मला ते लपवावंसंही वाटलं नाही.

फोन चालूच होता. "माय," आप्पांचा आवाज आला, "तुझं पास झालं का न्हाई?"

अध्यक्ष मॅडम फोनवर वाकल्या. "झालं, आप्पा. तिचं काम चालू राहील. तुमचं रजिस्टरही आम्ही पूर्ण वापरणार."

"लई चांगलं झालं," आप्पा म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "फिकीर करू नका म्हणावं सरांना. तुमी गेल्यापासून मी त्या बाटलीला हात लावला न्हाई. कालबी चांगला पडला, पण बोअरच्याच पाण्यानं पूजा करून राहिलो. आता इथून पुढं बराबर येईल तुमचं."

मी सरांकडं पाहिलं. सरांनी हातातलं पेन टेबलावर टाकलं आणि दोन्ही हात टेकवून फोनवर जवळजवळ ओरडलेच.

"नाही, नाही, आप्पा! पद्धत बदलू नका! चौदा वर्षं घेतली तशीच घ्या, उद्यापासून परत घ्या. वाटी भरून घ्या." त्यांनी टाकलेलं पेन परत उचललं. "पाच आम्ही मिळवू."